आईच्या दुधाचा हिशेब
उत्तर ध्रुवाकडील संशोधनाची पदे कोणाची आणि कोणासाठी?



शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी बर्फाच्या प्रदेशाचा धडा वाचला आहे. घुमटासारखे इग्लू, कुत्र्यांची गाडी, सीलची शिकार आणि कातड्याचे कपडे घातलेला हसरा 'एस्किमो'. परंतु 'एस्किमो' हे नाव त्या लोकांनी स्वतः घेतलेले नाही, ते बाहेरच्यांनी ठेवलेले आहे, हे त्या धड्यात कोठे नव्हते. कॅनडातील हे लोक स्वतःला 'इन्युइट' म्हणवतात. त्याचा अर्थ सरळ 'माणसे' असा आहे. अलास्कातील त्यांचे भाऊबंद स्वतःला 'इनुपियाट' म्हणवतात, म्हणजे 'खरी माणसे'. ज्यांचे नावसुद्धा दुसऱ्यांनी ठेवले, त्यांच्या अन्नाचा, रक्ताचा आणि आजाराचा अभ्यासही वर्षानुवर्षे दुसऱ्यांनीच केला, यात नवल ते काय?

आज कॅनडा, अमेरिका, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांतील विद्यापीठांत 'उत्तरेचा निसर्ग आणि माणसाचे आरोग्य' या विषयासाठी खास पदे आहेत. कोणी पीएच. डी. करणारा विद्यार्थी, कोणी पीएच. डी. नंतर दोन-तीन वर्षांच्या कराराने घेतलेला संशोधक, कोणी प्रयोगशाळेतला सहायक, तर कोणी 'चेअर' भूषवणारा प्राध्यापक. चेअर म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. एका ठरावीक विषयासाठी, ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक अनुदानासह दिलेले ते पद असते. कॅनडा सरकारने २००० साली अशा पदांची देशव्यापी योजना सुरू केली. त्यांतील काही पदे सात वर्षांची, तर काही पाच वर्षांची असतात. क्वेबेक शहरातील लाव्हाल विद्यापीठाला २०१५ साली 'सेंटिनेल नॉर्थ' या उत्तरेच्या अभ्यासासाठी ९ कोटी ८० लाख डॉलर मंजूर झाले आणि त्यातूनही अशी अनेक पदे निर्माण झाली.

आमच्यासारख्या कारकुनी करणाऱ्या माणसाला कोणतेही पद दिसले की तीन प्रश्न आधी सुचतात. पगार कोणत्या खात्यातून निघतो? वरिष्ठ कोण? आणि हिशेब कोणापुढे ठेवायचा? उत्तरेकडच्या संशोधनाचा गेल्या पासष्ट-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर सारा झगडा या तीन प्रश्नांचाच आहे असे दिसते. म्हणून आज आम्ही दोन हकिकती वाचकांपुढे ठेवीत आहोत. एकीत पद गमावलेले दोन प्राध्यापक आहेत, दुसरीत आईच्या दुधाने लावलेला एक शोध आहे.

अणुबॉम्बने बंदर खोदण्याची योजना

अमेरिकेच्या अलास्का राज्याच्या वायव्य टोकाला पॉइंट होप नावाचे इनुपियाट गाव आहे. १९६० च्या सुमारास तेथे जेमतेम तीनशे लोक राहत. देवमासा, सील, मासळी आणि कॅरिबू नावाचे रानहरीण यांवर त्यांचा उदरनिर्वाह चाले. १९५८ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने या गावापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, केप थॉम्प्सन येथे, अणुबॉम्ब फोडून समुद्रात बंदर खोदायची योजना आखली. हायड्रोजन बॉम्बचे जनक म्हणून ओळखले जाणारे एडवर्ड टेलर यांनी स्वतः अलास्कात जाऊन या योजनेचा प्रचार केला. योजनेचे नाव 'प्रोजेक्ट चॅरियट'. सुरुवातीला जे स्फोट योजले होते, त्यांची एकूण ताकद हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या दीडशे पटींहून अधिक होती!

बंदराची गरज कोणाला होती? गावाला तर नव्हतीच. गावाला कोणी विचारलेही नव्हते. 'शांततेसाठी अणुशक्ती' जगाला दाखवायची होती आणि त्यासाठी नकाशावर एक 'रिकामी' जागा हवी होती. जेथे गरीब, दूरचे आणि बोलायला कोणी नसलेले लोक राहतात, ती जागा मोठ्या लोकांना नेहमीच रिकामी दिसते.

टीका होऊ लागली तेव्हा आयोगाने या परिसराचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी पैसा दिला. अलास्का विद्यापीठाला त्याची कंत्राटे मिळाली. त्यातूनच लेस्ली व्हिएरेक या वनस्पतिशास्त्रज्ञाला आणि विल्यम प्रुइट या प्राणिशास्त्रज्ञाला संशोधनाचे काम मिळाले. डॉन फूट हा भूगोलाचा अभ्यासक गावातच राहून लोक काय खातात, कोठे शिकार करतात, याची नोंद ठेवू लागला.

त्यांना जे आढळले ते समजायला सोपे आहे. आपल्या घरच्या मसाल्यात दगडफूल असते. ते दगडावर किंवा झाडाच्या सालीवर वाढते. त्याला मुळे नसतात, हवेतून जे पडेल ते ते शोषून घेते. उत्तरेच्या उघड्या माळावर अशाच दगडफुलांच्या जाती पसरलेल्या असतात. दूर कोठे अणुचाचणी झाली की हवेतून उतरणारी किरणोत्सारी धूळ या दगडफुलात साठते. कॅरिबू हिवाळाभर तेच खातो. आणि माणूस कॅरिबूचे मांस खातो. म्हणजे दगडफुलातून हरणात आणि हरणातून माणसात, असे ते विष पायरी पायरीने वर चढते. आयोगाचे अधिकारी सांगत होते की धोका नाही. या अभ्यासकांची नोंदवही मात्र वेगळेच सांगत होती.

मग जे व्हायचे तेच झाले. विद्यापीठाचे कुलपती योजनेच्या बाजूचे होते. प्रुइट यांच्या अहवालातील वाक्ये बदलली गेली, तेव्हा त्यांनी उघड हरकत घेतली. व्हिएरेक यांनी डिसेंबर १९६० मध्ये राजीनाम्याचे पत्र दिले. प्रुइट यांनाही नोकरी गमवावी लागली. अमेरिकेत दुसरे पद मिळणे त्यांना कठीण झाले आणि अखेर देश सोडून ते कॅनडात गेले. पुढे मॅनिटोबा विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर उत्तरेच्या जंगलांचा अभ्यास शिकवला. घरात बायकामुले, हातातली नोकरी, आणि समोर एक सही. ती सही केली असती तर दोघांचीही पदे टिकली असती. वाचकहो, नोकरी म्हणजे काय असते हे चाळीत आणि वस्तीत राहणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको. म्हणूनच या दोघांनी काय सोडले, हे आपल्याला अधिक कळते.

गावही गप्प बसले नव्हते. नोव्हेंबर १९५९ मध्येच पॉइंट होपच्या ग्रामसभेने एकमताने या योजनेला विरोध केला होता. मार्च १९६० मध्ये आयोगाचे अधिकारी गावात आले तेव्हा गावकऱ्यांनी ती सगळी बैठक टेपरेकॉर्डरवर भरून घेतली. साहेब काय बोलले ते उद्या नाकबूल होऊ नये म्हणून! त्या बैठकीत बायकांनीही उभे राहून अधिकाऱ्यांना तोंडावर सुनावले. १९६१ साली गावाने थेट राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पत्र लिहिले. याच चळवळीतून ऑक्टोबर १९६२ मध्ये 'टुंड्रा टाइम्स' हे अलास्कातील मूलनिवासींचे वर्तमानपत्र निघाले. त्याचे संपादक हॉवर्ड रॉक हे पॉइंट होपचेच सुपुत्र. पेशाने चित्रकार, पण समाजाला आवाज हवा म्हणून संपादक झाले. समाजाचे स्वतःचे पत्र असावे लागते, ते का, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

अखेर १९६२ साली आयोगाने ही योजना बासनात गुंडाळली. परंतु त्याच वर्षी, गावाला न कळवता, केप थॉम्प्सनजवळ किरणोत्सारी माती वापरून काही प्रयोग करण्यात आले आणि ती माती तेथेच पुरली गेली. ही गोष्ट तीस वर्षांनी, १९९२ साली, अलास्का विद्यापीठातील डॅन ओ'नील या संशोधकाने जुनी कागदपत्रे चाळताना उघडकीस आणली. १९९३ साली सरकारला ती माती उकरून न्यावी लागली. त्याच वर्षी अलास्का विद्यापीठाने व्हिएरेक आणि प्रुइट या दोघांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन त्यांची माफी मागितली. न्याय मिळाला, पण तीस वर्षांहून अधिक काळानंतर.

हे एकच प्रकरण असते तर अपवाद म्हणून सोडून दिले असते. पण १९५० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाच्या एका प्रयोगशाळेने अलास्कात १२१ जणांना किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइड ग्रंथीचा अभ्यास केला होता. त्यांपैकी १०२ जण मूलनिवासी होते. आपल्याला नेमके काय दिले जात आहे, हे त्यांना नीट समजावून सांगितले गेले नव्हते. अशा अनुभवानंतर पांढरा कोट घालून कोणी दारात आला, तर लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

आईच्या दुधाने लावलेला शोध

आता दुसरी हकिकत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागाला नुनाविक म्हणतात. तेथे किनाऱ्याकिनाऱ्याने इन्युइटांची १४ गावे आहेत. दक्षिणेकडून तेथे जायला रस्ता नाही, विमान किंवा जहाज हाच मार्ग. त्यामुळे दुकानातल्या भाजीपाल्याचे, दुधाचे भाव ऐकूनच पोट भरावे! कारखाना नाही, शेती नाही, म्हणून फवारणी नाही. जगात शुद्ध हवापाणी कोठे असेल तर येथेच, असे कोणीही म्हणाले असते.

१९८० च्या दशकात एरिक देवाई हे सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर आणि लाव्हाल विद्यापीठातील संशोधक क्वेबेकमधील मातांच्या दुधात पीसीबी नावाचे विषारी रसायन किती आहे, याची तपासणी करीत होते. पीसीबी म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात वापरले जाणारे रसायन. गिरणी-कारखान्यात काम केलेल्यांना त्या तेलाची ओळख असेल. दक्षिणेकडील औद्योगिक भागातील मातांच्या दुधाशी तुलना करायला त्यांना 'स्वच्छ' नमुने हवे होते. म्हणून नुनाविकच्या मातांचे दूध तपासायला घेतले. निकाल आला तेव्हा प्रथम नमुन्यांतच काही गडबड असावी असे वाटले. गडबड नव्हती. ज्यांना आपण स्वच्छ समजत होतो, त्या इन्युइट मातांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेकडील मातांच्या सुमारे पाचपट होते! १९८९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली.

ज्यांनी ट्रान्सफॉर्मर बनवला नाही, ज्यांच्या गावात कारखान्याचे धुराडे नाही, त्यांच्या बाळाच्या तोंडी हे विष आले कोठून?

याचे उत्तर हवेत, समुद्रात आणि चरबीत आहे. पीसीबी, डीडीटी यांसारखी रसायने सहजी नष्ट होत नाहीत. उष्ण प्रदेशात त्यांची वाफ होते, ती वाऱ्याबरोबर उत्तरेकडे जाते आणि थंडी लागली की पुन्हा खाली उतरते. असे टप्प्याटप्प्याने उडत-बसत ती ध्रुवापर्यंत पोहोचतात आणि तेथून पुढे जायला वाट नसल्यासारखी तेथेच साठतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. समुद्रातला सूक्ष्म जीव लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा, माशाला सील, आणि सील व पांढऱ्या बेलुगा देवमाशाची चरबी माणूस खातो. थंडीत तगायचे तर ती चरबी खावीच लागते. प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. आणि साखळीच्या अगदी शेवटी, शिकाऱ्याच्याही पलीकडे, अंगावर पिणारे तान्हे मूल असते.

डीडीटीची पावडर आणि फवारणी आपल्या वस्त्यांना अनोळखी नाही. मलेरियाच्या डासांसाठी भिंतीवर मारलेल्या त्या औषधाने आपल्याकडे पुष्कळ जीव वाचवले, हेही खरे. पण शेतावर आणि घरावर जगभर मारलेल्या अशा औषधांचा काही अंश हजारो कोसांवरच्या एका आईच्या अंगात जाऊन मुरतो, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी. जग एक आहे असे आपण भाषणात म्हणतो, त्या आईच्या दुधात ते खरोखरच एक झाले होते.

मग बाळाला पाजायचे की नाही?

येथे संशोधकाची खरी कसोटी लागली. आकडा जाहीर करून, लेख छापून, बढती घेऊन मोकळे होणे सोपे होते. पण नुनाविकच्या घराघरांत प्रश्न उभा राहिला तो निराळा. बाळाला अंगावर पाजू की नको? सासूने शिजवलेले सीलचे मांस खाऊ की दुकानातले डबाबंद खाऊ? जे अन्न पिढ्यान् पिढ्या आपले म्हणून खाल्ले, तेच आता वैरी झाले काय?

या प्रश्नांवर विचार करण्यासाठी १९८९ सालीच नुनाविकमध्ये एक समिती स्थापन झाली. पुढे तिचे नाव 'नुनाविक पोषण व आरोग्य समिती' झाले. आरोग्य खात्याची माणसे, संशोधक आणि इन्युइट प्रतिनिधी एकत्र बसू लागले. त्यांनी सल्ला दिला की मातांनी अंगावर पाजणे सोडू नये, कारण त्याचे फायदे या धोक्याहून मोठे आहेत. शिकारीचे अन्नही टाकू नये. त्यात हृदयाला हितकर चरबी आहे, सेलेनियम आहे, जीवनसत्त्वे आहेत, आणि ते सोडून दुकानातले गोड, खारट व महाग अन्न घेतले तर मधुमेहासारखे नवे दुखणे घरात येते. गरिबाला नुसते 'हे खाऊ नका' सांगणे सोपे असते. 'मग काय खाऊ?' याचे उत्तर देणे ही खरी जबाबदारी.

पुढे गरोदर मातांच्या नाळेतले रक्त तपासून, त्याच सुमारे तीनशे मुलांचा ती अकरा वर्षांची होईपर्यंत मागोवा घेणारा एक दीर्घ अभ्यास झाला. त्यात असे दिसले की आईच्या पोटात असताना ज्या मुलांना पारा अधिक मिळाला, त्यांचे लक्ष टिकत नाही आणि बुद्ध्यंकही कमी भरतो. पारा हवेत येतो तो मुख्यतः कोळसा जाळण्यातून आणि सोन्याच्या खाणकामातून. कोळशावरची वीजकेंद्रे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. हा निष्कर्ष हाती आल्यावर २०११ साली नुनाविकच्या आरोग्य मंडळाने मूल होण्याच्या वयातील बायकांना सांगितले की बेलुगाचे मांस कमी करा, त्यात पारा फार आहे. मात्र इतर शिकारीचे अन्न जरूर खा. आणि नुसते सांगून न थांबता, ज्या माशात पारा कमी असतो तो 'आर्क्टिक चार' गरोदर मातांना वाटण्याचे कामही झाले. संशोधनाचा कागद अखेर चुलीपर्यंत पोहोचला तो असा.

हा आकडा चुलीपुरता राहिला नाही, तो जगाच्या दरबारातही गेला. नुनाविकच्या कुजुआक गावात जन्मलेल्या शीला वॉट-क्लुटिए या इन्युइट भगिनीने आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत आपल्या लोकांची बाजू मांडली. १९९९ साली नैरोबी येथील बैठकीत त्यांनी इन्युइट शिल्पातली आई आणि मुलाची मूर्ती भेट दिली, म्हणजे चर्चा करणाऱ्यांना समोर कागदाबरोबर माणूसही दिसावा. मे २००१ मध्ये स्टॉकहोम येथे अशा बारा घातक रसायनांवर बंदी किंवा निर्बंध घालणारा करार झाला आणि २००४ साली तो अमलात आला. त्याच्या प्रस्तावनेतच उत्तर ध्रुवीय प्रदेश व तेथील मूलनिवासी यांचा उल्लेख आहे. डीडीटीला फक्त रोगाच्या डासांसाठी वापरण्याची सूट राहिली. पाऱ्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, तो २०१७ पासून लागू आहे. नुनाविकच्या गरोदर मातांच्या रक्तातील पीसीबीचे प्रमाण १९९२ नंतर बरेच खाली आले आहे. आकडा खरा असेल आणि तो ज्यांचा आहे त्यांच्या हाती असेल, तर तो काय करू शकतो हे यावरून दिसते.

अर्थात काम संपलेले नाही. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कपडे यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'पीफास' जातीच्या रसायनांपैकी काहींचे प्रमाण नुनाविकमध्ये उर्वरित कॅनडाहून जास्त आढळले आहे. २०२५ साली त्या जातीतील आणखी एका गटाची नावे स्टॉकहोम कराराच्या यादीत गेली. शिवाय हवामान बदलल्याने वर्षानुवर्षे गोठलेली जमीन वितळते आहे, बर्फावरचे शिकारीचे रस्ते बेभरवशाचे झाले आहेत. म्हणूनच नवी पदे निघत आहेत.

रक्त आमचे, आकडेही आमचे

या सगळ्या काळात नियम बदलले, आणि ते आपोआप बदलले नाहीत. कॅनडातील मूलनिवासींनी १९९८ पासून एक तत्त्व पुढे आणले की आमच्या माहितीची मालकी आमची, ताबा आमचा, ती पाहण्याचा हक्क आमचा आणि ती कोठे ठेवायची हे ठरवणारेही आम्ही. २०१८ साली 'इन्युइट तापिरीत कानातामी' या कॅनडातील इन्युइटांच्या राष्ट्रीय संघटनेने संशोधनाबाबत आपले स्वतंत्र धोरण जाहीर केले. विषय ठरवताना, पैसा वाटताना, निष्कर्ष छापताना आम्हांला विचारा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शेजारच्या नुनावुत प्रदेशात तर संशोधन करायला परवाना लागतो. आपल्याकडे दुकानाला लागतो तसाच, फक्त येथे तो प्राध्यापकाला लागतो!

२०१७ साली नुनाविकमध्ये मोठी आरोग्य पाहणी झाली. तिचे नाव 'कानुइलिरपिताआ', म्हणजे 'आता आपण कसे आहोत?' 'ते कसे आहेत' असे नव्हे, 'आपण कसे आहोत'! अमुंडसेन नावाचे बर्फ फोडणारे जहाज चौदाही गावांना गेले. जहाजावरच दवाखाना आणि प्रयोगशाळा होती. सोळा वर्षांवरील १,३२६ जणांनी त्यात भाग घेतला. पाहणीचे सुकाणू नुनाविकच्या आरोग्य मंडळाच्या हाती होते आणि विद्यापीठांचे संशोधक त्यांच्या जोडीने काम करीत होते. 'वरिष्ठ कोण?' या आमच्या कारकुनी प्रश्नाचे उत्तर येथे बदललेले दिसते.

तरी एक उणीव राहतेच. ज्या पदांवर बसून इन्युइटांचा अभ्यास होतो, त्या पदांवर इन्युइट स्वतः फार थोडे आहेत. शिकायचे तर घरदार सोडून दूर दक्षिणेला जावे लागते. म्हणून इन्युइटांनी आता आपल्या भूमीत आपले विद्यापीठ उभारायचे ठरवले आहे. गावातल्या मुलीने नमुने गोळा करावेत आणि शहरातल्या साहेबाने डॉक्टरेट घ्यावी, ही वाटणी त्यांना पुढे चालू ठेवायची नाही. आपल्या वस्त्यांतही सर्व्हेवाले येतात, फॉर्म भरून घेतात आणि निघून जातात. त्या फॉर्मचे पुढे काय झाले, हे सांगायला परत किती जण येतात, याचा विचार वाचकांनी आपल्या मनाशी करावा.

आपल्या मुलांसाठी दोन शब्द

हा विषय आपल्या घरापासून फार लांबचा, असे कोणी म्हणेल. पण भारताचेही उत्तर ध्रुवाजवळ एक केंद्र आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंड येथे १ जुलै २००८ रोजी 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झाले. डिसेंबर २०२३ पासून तेथे ऐन हिवाळ्यातील अंधारातही आपले शास्त्रज्ञ राहू लागले. त्याचा कारभार चालतो तो आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. तेथील काम मुख्यतः हवामान, हिमनद्या आणि आपला पाऊस यांच्या नात्याविषयी आहे. संशोधनाच्या पदांच्या जाहिराती तेथूनही निघतात.

आणि हे काम फक्त डॉक्टरांचे आहे असे समजू नये. वरच्या नुनाविकच्या पाहणीसारख्या कामाला रसायनशास्त्राचा पदवीधर लागतो, नर्स लागते, आहारतज्ज्ञ लागतो, आकडेशास्त्र शिकलेला लागतो, दुभाषा लागतो, आणि कोणत्या बाटलीत कोणाचे रक्त आहे याची नोंदवही चोख ठेवणाराही लागतो. एक चिठ्ठी चुकीच्या बाटलीला लागली की एका आईला चुकीचा निकाल जातो. बी. एस्सी. ला रसायनशास्त्र घेतलेली आपली मुलगी 'आता बी. एड. च करू ना?' असे विचारते, तेव्हा घरच्यांनी तिला सांगावे की आणखीही वाटा आहेत. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात, उत्पन्नाचा व जातीचा दाखला वेळेत काढून ठेवावा आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. पुष्कळ अर्ज गुणांमुळे नव्हे तर कागदांमुळे मागे पडतात.

पण पद मिळाले म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. त्या दिवशी तिने तीन प्रश्न विचारावेत. या कामाला पैसा कोण देतो? ज्यांच्या रक्ताचा आकडा मी काढणार, त्यांना तो आधी कळेल की शेवटी? आणि तो आकडा वरच्यांना आवडला नाही, तर मी काय करणार? व्हिएरेक आणि प्रुइट यांच्यावर या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नोकरी देऊन द्यायची वेळ आली. देवाई आणि नुनाविकच्या समितीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घराघरांत जाऊन दिले.

आपल्या मुलींना आणि मुलांना अशी पदे जरूर मिळोत. आणि ती मिळाल्यावर, ज्या आईच्या दुधाचा नमुना त्यांनी घेतला असेल, तिच्या दारात निकाल घेऊन परत जाण्याची सवयही त्यांना लागो.